शेंड्यावरची अळी

सोयाबीनच्या शेंड्याशेंड्याला पांढऱ्याफटक अळ्या चिकटलेल्या दिसल्या, तसा भागवतनं फवारणीचा पंप पाठीवर घेतला. द्वारकाबाईनं नवऱ्याला अडवलं नाही. लेकीला, कोमलला पुढं केलं.

"बाबा, मेल्यात त्या. अंगात बुरशी शिरली की अळीला खाणं सुचत न्हाई, नुसती वर चढत राहते. शेंड्यावर जाऊन मरते, आन् तिच्या अंगावरची बुरशी खालच्या अळ्यांवर झडते. आठ दिवसांत सगळ्या खलास. तुमच्या पंपात बुरशी मारायचं औषधबी हाय. ते मारलं तर ही फुकटची फवारणी जाईल."

भागवत हसला. "म्हंजे चढवते बुरशी, आन् अळीला वाटतं, आपण आपल्या मनानंच निघालो."

त्यानं पंप उतरवला. पण परभणीच्या शेतकी कॉलेजात कोमलचा नंबर लागला होता, तिला तिथं धाडायला त्याचं 'न्हाई' कायम होतं.

द्वारकाबाईनं वाद घातला नाही. भाकरी वाढताना ती एवढंच म्हणाली, "पोरीनं फवारणी वाचवली, न्हाई?" दुसऱ्या दिवशी चहा देताना, तिसऱ्या दिवशी बैल सोडताना. रोज तेवढंच.

आठव्या दिवशी भागवत मारुतीच्या पारावर चढून बसला आणि खाली बसलेल्यांना सांगू लागला, "मला कुणी सांगितलं न्हाई. मी माझ्याच मनानं ठरवलं, पोरीला परभणीला धाडायचं."

खालच्या पायरीवर बसलेला संतराम घरी गेला आणि चप्पल काढता काढता बायकोला म्हणाला, "माझ्या मनात एक गोष्ट येऊन राहिली. आपल्या शीतललाबी शिकवावं."