अर्धा इंच कमी
व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाच्या निवडकर्त्याने स्कारबरो उपनगरातल्या घरी येऊन कॉलेज संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, मेल्विन याची वीत मोजली. "चेंडू फेकायला अर्धा इंच कमी," म्हणत त्याने वही मिटली. मेल्विन खाली बघू लागला. "हात मोजतोय तो, पोराला काय बांगड्या भरायच्यात?" आजी तेरेसा मराठीत पुटपुटली आणि तिने पाहुण्याला जेवायला बसवलं. प्रार्थनेनंतर जेवण संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा तिचाच नियम. माणसं चौदा, पावांची टोपली एक, तीही मेल्विनपाशी. टेबलाच्या टोकावरून आजोबांनी हात वर केला. "ग्रँडपा, कॅच!" तीन काकांच्या डोक्यांमधून पाव थेट तळहातात. "पाहुण्यासमोर तरी फेकू नको रे!" तेरेसा पंधरा वर्षांच्या सवयीने ओरडली. निवडकर्त्याने वही उघडली, खुर्ची उचलून दारापाशी नेली आणि हात वर केला. स्वतःचा नियम मोडून तेरेसाही उठली, पावांची दुसरी टोपली आणायला.