घाटमाथ्यावरची दोन मिनिटं

"झालं का?" तुळशीरामने चौथ्यांदा विचारलं. ट्रकमध्ये फ्लॉवर भरलेला, ऊन चढत चाललेलं, आणि मिस्त्री मात्र इंजिनला हवा पुरवणाऱ्या नव्या टर्बोत निवांत ऑइल ओतत बसलेला.

"कोरडा फिरला तर हाही जळेल," मिस्त्री म्हणाला. जुन्या टर्बोचा दांडा त्याने बोटाने हलवून दाखवला. तो पडायला आलेल्या दातासारखा डुगडुगत होता. "वर्षात हा दुसरा. घाट चढून आलास की गाडी लगेच बंद करतोस ना? तापलेल्या टर्बोला ऑइल मिळणं थांबतं मग. दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, मगच चावी फिरवायची."

 दर खेपेला घाटमाथ्यावर पोचलं की तुळशीराम घरी वडिलांना, आबांना, फोन करायचा. तीस वर्षं ट्रक चालवून आबांचे कान गेले होते. इंजिनच्या घरघरीत त्यांना काय ऐकू येणार, म्हणून गाडी थांबायच्या आत तो चावी फिरवायचा.

आज वर पोचल्यावर त्याने इंजिन चालू ठेवलं. चावीकडे गेलेला हात दोनदा मागे घेतला. तेवढ्यात फोन वाजला. उशीर झाला म्हणून आबांनीच लावला होता.

"आबा, गाडी चालू आहे, दोन मिनिटांनी फोन करतो," तो ओरडून म्हणाला.

आबा इंजिनची घरघर ऐकत राहिले.

"गाडी बंद करू नको," शेवटी ते म्हणाले. "वर्षभर तू काय बोलतोस ते मला कळलेलंच नाही. हे कळतंय."