आवाजाची धार

"वाट लावलीस तू माझ्या अँप्लिफायरची!" ओथा पेटवेनं टेबलावर मूठ आपटली. तारेचे तुकडे खाली सांडले.

रोझेल गेन्सनं ओठ आवळले. शिकागोच्या दक्षिण भागात गिटारवाल्यांचे जुने काचेच्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर दुरुस्त करावेत तर त्यानंच. नाव होतं त्याचं. आणि ओथासारखा मानाचा गिटारवाला तेच नाव मातीत मिळवायला निघाला होता.

"दादा, तुम्ही म्हणालात आवाज दबलाय, मी व्हॉल्व्ह बदलले. म्हणालात अजून धार हवी, मी कंडेन्सर बदलून आतली सगळी जोडणी नव्यानं केली. आता एवढी धार आहे, की दाढी करता येईल!"

"थट्टा नको! कुठाय धार? घोंगडी पांघरून वाजवल्यासारखं वाटतं मला. आणि क्लबचा मालक उलटंच बोंबलतो. म्हणे कानाला टोचतं, गिऱ्हाइकं उठून जातात. शुक्रवारी नीट वाजलं नाही तर माझ्या जागी दुसरा बसवणार आहे तो. उभा जन्म गेला रे माझा तिथं!"

"दबलेलंही आणि टोचतंही? असं कसं होईल?"

"ते मला काय विचारतोस? माझी जागा गेली, तर कुणामुळे गेली ते अख्ख्या वस्तीला सांगेन."

दाराशी ओथाची बायको व्हर्लीन पर्स पोटाशी धरून उभी होती.

रोझेलचंही डोकं तडकलं. होऊनच जाऊ दे सोक्षमोक्ष! त्यानं अँप्लिफायरची मागची फळी काढली, बटण दाबलं, आवाज पूर्ण चढवला. डावा हात पँटच्या खिशात घातला. चालू अँप्लिफायरवर काम करताना एक हात खिशातच ठेवायचा, म्हणजे करंट छातीतून जात नाही, ही या धंद्यातली शिस्त. उजव्या हातात त्यानं लाकडी पेन्सिल घेतली.

"दादा, पुढून कान लावा. मी मागून एकेका व्हॉल्व्हला टिचकी मारतो. जो खराब असेल तो किणकिणतो. ऐकू आलं की सांगा."

ओथा कण्हत गुडघ्यांवर बसला. स्पीकरच्या कापडाला कान लावून त्यानं डोळे मिटले.

पहिला व्हॉल्व्ह गप्प. दुसराही गप्प. तिसऱ्याला पेन्सिल लागली आणि टिंग्ग! स्टीलचा पेला फरशीवर पडावा तसा चिरका आवाज दुकानभर घुमला. व्हर्लीन दचकली. रोझेलला हायसं वाटलं. सापडला चोर! दोष व्हॉल्व्हचा होता, त्याच्या हाताचा नव्हता. खात्रीसाठी त्यानं पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तसाच टिंग्ग.

"अरे मार की टिचकी!" पुढून ओथा खेकसला. "मुहूर्त बघतोयस काय?"

रोझेलचा हात जागीच थांबला. त्यानं व्हर्लीनकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. अरे देवा! म्हणजे दादांना असा चिरका आवाज ऐकूच येत नव्हता, आणि हिला ते ठाऊक होतं. मघाचा राग कुठल्या कुठे गेला.

त्यानं अँप्लिफायर बंद केला, पुढं आला आणि ओथासमोर जमिनीवरच बसला.

"सापडलं, दादा," तो मोठ्यानं म्हणाला. "चूक माझीच. नको तितकी धार लावून ठेवली मी. सगळी काढून टाकतो. शुक्रवारी झकास वाजेल. फक्त बटणं वहिनी लावतील. तुम्ही हात लावायचा नाही."

ओथा त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होता. रोझेलचं बोलणं संपलं, तरी बघतच राहिला. मग त्यानं रोझेलचं मनगट धरलं.

"खोटं बोलतोस, लेका," तो हळूच म्हणाला. "पण शुक्रवारी क्लबात ये, आणि सगळ्यांसमोर असंच खोटं बोल."