देवदूताचं कारंजं

मस्कतहून सुटीवर आलेला प्लासिड वसईच्या वाडीतल्या नव्या बंगल्यासाठी संगमरवराच्या दुकानात कारंजं निवडत होता. "हे देवदूताचं घेऊया," तो बायकोला हौसेने म्हणाला. थेरेसा त्याकडे पाहीना. "अंगणात पाणी नको," ती म्हणाली. चार वर्षांपूर्वी त्यांची रांगती लेक घरामागच्या बावखलाच्या पाण्यात बुडाली, तेव्हा त्याला सुटी मिळाली नव्हती. "अगं, यात पाणी गुडघाभरच असतं." "तिला तेवढंच पुरलं." दुकानदाराने नजर वळवली. प्लासिडने ते घेतलंच. घराला आशीर्वाद द्यायला आलेल्या फादरांनीही कारंज्याचं कौतुक केलं. तो मस्कतला परतला, त्याच दिवशी थेरेसाने केळीच्या वाफ्यातली माती घमेल्याने वाहून कारंज्याची कुंडी काठोकाठ भरून टाकली. पुढच्या सुटीत फाटक उघडताच तो ओरडला, "कारंज्यात माती कुणी टाकली?" "मीच," ती म्हणाली. "लेकीवर माती टाकली, तेव्हाही तू इथे नव्हतास."