श्वेत बटूचा शेजारी

"सर, श्वेत बटू हा म्हातारा तारा शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढून ओढून जड होतो अन् शेवटी फुटतो, हे समजलं. पण तो शेजारचा तवर गप का बसतो?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून संघमित्रानं विचारलं, अन् सगळा वर्ग खो खो हसला.

सर मात्र हसले नाहीत. "स्फोट झाला की शेजारचा सुटतो, पोरी, अन् सुसाट निघतो. सध्या दिसतोय तो स्फोट तर जगावेगळा हाय. असल्या स्फोटात बटूसुद्धा पुरता संपत न्हाई, थोडा उरतो. उजेड महिनाभरच टिकंल. रोज सांजच्याला शाळेच्या दुर्बिणीवर नोंदी घ्यायला कोण येतं?"

संघमित्राचा हात वर गेला अन् अर्ध्यातच थांबला. सांज म्हणजे टँकरची वेळ. उन्हाळाभर रांगेत तीच उभी, अन् दादा चौकात 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' म्हणून घसा फोडत बसलेला.

तिनं हात पुरता वर केला.

घरी जाऊन दप्तर टाकत म्हणाली, "माय, बाबा, उद्यापासून टँकरला दादा जाईल. मी दुर्बिणीवर."

"अगं, घर डोक्यावर घेईल तो!"

"फुटू दे की, माय. फुटून जेवढा उरंल, तेवढ्याच्या हाती घागरी दे."