निर्माल्याची पिशवी

यमुनेच्या काठावर प्लास्टिक वेचताना चेतनाताईंच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. “पुलावरून निर्माल्य फेकतात, तेही पिशवीसकट! लाज कशी वाटत नाही या लोकांना?”

तेवढ्यात गाळात एक बगळा फडफडताना दिसला. त्याच्या पायात निर्माल्याची पिशवी अडकली होती. तिचं तोंड हिरव्या खणाच्या पट्टीनं करकचून बांधलेलं. चेतनाताईंनी ती लगेच ओळखली. गौरींच्या चोळ्या शिवून उरलेली ती पट्टी त्यांनी स्वतःच बांधली होती.

“किसने फेंकी होगी?” शेजारच्या मिसेस खन्ना हळहळल्या.

“पता नहीं, आंटी,” बगळ्याला अलगद धरत चेतनाताईंची लेक निधी म्हणाली. मग आईकडे न बघताच हळूच मराठीत, “आई, तूच सोड. तुझी गाठ मला सुटत नाही.”