हेल्मेटातले तिरुमलराव

बाथरूमचं दार आतून लावलं आणि शरतनं मोबाइल तांब्याच्या घंगाळात उभा ठेवला. घंगाळात ठेवला की आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. त्यांची सगळी गाणी अशीच झाली होती. शरत पाटावर, मांडीत पाच तारांची गिटार. संकर्षण कपडे धुवायच्या दगडावर, पुढ्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. पन्नाशीला टेकलेले दोन बाप्ये.

"वैनी मारतील," संकर्षण म्हणाला.

"मारू दे. उद्यापास्नं मला ओरडताही येणार नाही."

उद्या सकाळी शरतचं स्वरयंत्र काढणार होते. आत्ताच त्याचा आवाज दिवसाला दहा मिनिटं टिकायचा, मग नुसती हवा. आजची दहा मिनिटं बायकोनं, कृष्णवेणीनं, ठरवून टाकली होती. साडेअकराला कुवेंपुनगरातला स्टुडिओ, तिथून सरळ हॉस्पिटल. स्टुडिओत एकच वाक्य बोलायचं. चौदा वर्षांच्या हरिणीचं कधीतरी लग्न होईल, तेव्हा मांडवात बापाचा आशीर्वाद ऐकू यायला हवा. वाक्यही तिनंच कागदावर लिहून त्याच्या खिशात घातलं होतं. तिचं काही चुकत नव्हतं. पंचाईत तीच होती.

काल दिवसभर घरात माणसं येऊन गेली. मोसंबी घेऊन आली, फुकटचा सल्ला देऊन गेली. सगळ्यांचं एकच: आवाज आहे तोवर देवाचं नाव घे. उद्यापासून देवच बहिरा होणार असल्यासारखं.

"आधी स्टुडिओत जाऊ," संकर्षण म्हणाला. "उरला आवाज तर हे."

"नाही उरणार." शरतचा घसा खरवडत होता. "आणि 'बाळ, सुखी राहा' म्हणू? चौदा वर्षांत कधी म्हटलंय? तिला वाटेल, दुसऱ्या कुणाचा तरी बाप बोलतोय."

"बोलू नको. संपेल."

"मग सुम्ने, गप बडव की रे तू."

संकर्षणनं डब्यावर हात ठेवले, पण वाजवले नाहीत. नेटवर त्यांची गाणी ऐकणारे एकूण एक्केचाळीस जण. त्यातले सहा नातेवाईक, तेही चुकून. बेसूर, बेताल, मधेच कुकरच्या शिट्ट्या. पण नंजनगूडच्या गाडीत हरवलेल्या कवळीच्या गाण्याखाली हिनकलच्या एका बाईनं लिहिलं होतं, 'हे गेल्यापासून आज मी पहिल्यांदा हसले.' गल्लोगल्ली क्लास काढून बसलेल्या गोड गळ्यांनी आजवर कुणाला असं हसवलंय? त्यांनी फक्त वन्स मोअर मिळवलेत.

त्यानं ठेका धरला.

शरतनं तारा छेडल्या, मान हलवली. तारांचा आवाज फार स्वच्छ येत होता. त्यानं खिशातला कागद काढला, चार घड्या घातल्या आणि घोडीजवळ तारांमधून आडवा ओवला. आता गिटार टर्रर्र करायला लागली. वरच्या मजल्यावरच्या तिरुमलरावांची स्कूटर हुबेहूब. ते रोज सकाळी ती चालू करू पाहायचे, अर्धा तास, हेल्मेट घालून.

संकर्षणनं कागद ओळखला. बोलायला तोंड उघडलं, पण शरतनं तोवर मोबाइलवर बोट टेकवलं होतं.

*स्कूटर काही चालेना,*
*हॉर्न काही थांबेना,*
*तिरुमलराव हेल्मेटात,*
*कुणाशीच बोलेनात.*

आवाज फाटत होता. फाटेल तिथं शरत तो आणखी ताणायचा, स्कूटरला किक मारल्यासारखा. दुसऱ्या कडव्यात तिरुमलराव हेल्मेट घालूनच जेवले. तिसऱ्यात हेल्मेटासकट झोपले आणि बायकोनं काचेवर टकटक केलं. संकर्षणला हसू आवरेना, ठेका चुकला, आणि नेहमीसारखं चुकलं तिथंच गाणं जमलं. मग शरतनं शेवटचं कडवं घेतलं.

"अहो! ऑटो आलाय, बेग बेग या की!" बाहेरून कृष्णवेणी.

शरत थांबला नाही. तिनं दार ढकललं. कडी ढिलीच होती, निघाली. हातात हॉस्पिटलची पिशवी, खांद्यावर त्याची शाल. आधी तिला डबा दिसला, मग गिटार, मग तारांतला कागद.

"अय्यो, तो कागद कशात घातलात! किती वेळा लिहून लिहून केला मी! लाज नाही वाटत तुम्हा दोघांना? आजच्या दिवशी तरी!"

शरत डोळे मिटून शेवटची ओळ गात होता. ओळ संपली. त्यानं बोट टेकवून रेकॉर्डिंग बंद केलं.

नळ ठिबकत होता. शरतनं तारांतून कागद सोडवला, मांडीवर पसरून घड्या मोडल्या. तारांनी तो पाच ठिकाणी कापला होता. त्यानं तो डोळ्यांसमोर धरला आणि तोंड उघडलं.

हवा आली.

त्यानं थुंकी गिळली, परत तोंड उघडलं. गळ्यातली शीर ताठ झाली. हवाच.

संकर्षण खाली बघत राहिला. आता वैनी रडतील, नाहीतर डबा उचलून डोक्यात घालतील. त्यातलं काहीही केलं असतं तरी तिला शोभलं असतं.

कृष्णवेणीनं पिशवी ओल्या फरशीवर ठेवली. तिच्यावरच टेकली.

"लावा," ती म्हणाली. "काय केलंत ते ऐकू तरी द्या."

संकर्षणनं लावलं. विहिरीतून ठेका आला, स्कूटर टर्ररली, शरत गायला. तिरुमलराव जेवले, झोपले. ती हसली नाही. मग शेवटचं कडवं. "अहो! ऑटो आलाय," आणि तिथून पुढं घंगाळ तिच्याच आवाजानं भरून गेलं. कागद, लाज, आजचा दिवस. त्या सगळ्याखाली कुठंतरी शरत गात असावा.

गाणं संपलं तरी ती घंगाळात बघत होती.

"माझाच आवाज आलाय की हो सगळा," ती म्हणाली.

शरत हसला. खांदे हलले, तेवढंच.